धोंड्याच्या महिन्यातली हार्ड डिस्क

पहिला सेक्टर. चांगला.

मानवतच्या एका जिनिंगच्या ऑफिसात दिवाळीच्या पाडव्याला संगणक आला, तो मॅनेजर दिनकररावांच्या हट्टापायी. मालक माणिकराव म्हणाले होते, "आणा. पन हंगामात बंद पडला, तर तुमची खुर्ची गेटवर वजनकाट्यापाशी." माणिकराव थट्टा फार करत. केलेली थट्टा अमलातही आणत.

पुढच्या साली श्रावण संपला, धोंड्याचा महिना लागला, आणि त्याच आठवड्यात हार्ड डिस्क बसली. कंपनीची वर्षाची हमी होती. एक फोन केला असता तर डिस्क फुकट बदलून मिळाली असती. पण अधिक महिन्याच्या मानासाठी खुद्द मालकांचे जावईबापू घरी आलेले असताना कंपनीला फोन कोण करतो? शेषरावबापूंनी औरंगाबादेत संगणकाचा कोर्स केला होता. निम्मा.

दुसरा सेक्टर. चांगला.

"फॉरमॅट मारून टाकू," बापू म्हणाले.

"म्हंजे?" माणिकरावांनी विचारलं.

"सारं पुसून टाकायचं. कोरी करकरीत होती."

बापूंनी अनारशाचं बोट धोतराला... नव्हे, पँटला पुसलं आणि बटण दाबलं. गेल्या हंगामातला सगळा कापूस एका दुपारीत नाहीसा झाला. माणिकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमानाचं.

तिसरा सेक्टर. खराब.

इथे बापूंच्या विद्वत्तेबद्दल दिनकररावांचं मत होतं. ते आता वाचता येत नाही.

चौथा सेक्टर. चांगला, पण आवाज करतो.

बापू जेवायला गेल्यावर दिनकररावांनी दार लोटलं आणि फ्लॉपीवरून डिस्कची तब्येत तपासायला घेतली. पडद्यावर नकाशा उमटू लागला. चांगल्या जागी ठिपका, खराब जागी 'बी'. काही बी उमटले. त्यांनी पुन्हा तपासलं. बी वाढले. आतून कुणीतरी सुपारी कातरतंय असा आवाज येत होता.

त्यांनी बापूंना हळूच सांगितलं. बापू पुरणाच्या धोंड्यावर तूप ओतून घेत होते.

"थोडे बी असतातच हो. डिस्क त्यांला चुकवून चालती."

"पन बापू, ते वाढायलेत."

पंगत थांबली. माणिकरावांनी चांदीच्या ताटावरून दिनकररावांकडे पाहिलं. "काय म्हणायलाव तुमी? जावयानं केलेल्या कामात खोट?"

"न्हाई, न्हाई! तब्येत ठणठणीत हाय. मी आपलं तूप वाढू का इचारायलो."

त्यांनी तूप वाढलं.

पाचवा सेक्टर. चांगला. असं दिनकररावांना वाटलं.

घाई कशाला? हमी वर्षाची, मशीन पाडव्याला घेतलेलं, म्हणजे पाडव्यापर्यंत मुदत. धोंड्याच्या महिन्यात जावयाचं काम उकरणं बरं दिसत नाही. मग गणपती. मग पितृपक्ष, त्यात कुणाच्याच तब्येतीची चौकशी करू नये. मग नवरात्र. दसऱ्याला संगणकाची पूजा झाली, पडद्याला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. आतली सुपारी अजून कातरली जात होती. दिनकररावांनी घंटा जरा जोरात वाजवली.

सहावा सेक्टर.

हंगाम सुरू झाला. बैलगाड्या पार रस्त्यापर्यंत लागल्या आणि पडदा काळा झाला. दिनकरराव धावत टेलिफोन बूथवर गेले.

"साहेब, तुमची हमी तर मागच्या आठवड्यात संपली," कंपनीचा माणूस म्हणाला.

"कशी संपली? पाडवा यायचाय अजून!"

"आमच्याकडं तारीख असते, साहेब. पाडवा नसतो."

दिनकररावांनी बूथच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मध्ये एक सबंध महिना जास्तीचा आला होता. ज्या महिन्यानं त्यांना तोंड उघडू दिलं नाही, त्याच महिन्यानं पाडवाही पुढं ढकलला होता.

सातवा सेक्टर. खराब.

इथे माणिकराव बोलले.

शेवटचा सेक्टर.

मॅनेजरच्या खुर्चीत आता शेषरावबापू बसतात. संगणकावर टेबलक्लॉथ आहे, त्यावर बापूंचा डबा असतो. दिनकररावांची खुर्ची गेटवर, काट्यापाशी.

पहिल्याच सकाळी बापू दात कोरत गेटवर आले. मागं माणिकराव होते.

"काटा बरोबर हाय ना, दिनकरराव? म्या कालच दुरुस्त केलाय."

काट्यावर गाडी नव्हती, पोतं नव्हतं, चिमणीसुद्धा नव्हती. दांडी एका बाजूला सपशेल कलली होती. गाड्यांवरचे शेतकरी दांडीकडे पाहत होते.

दिनकररावांनी दांडीकडे पाहिलं, माणिकरावांकडे पाहिलं.

"ठणठणीत हाय, बापू," ते म्हणाले, आणि पहिली गाडी आत घेतली.