पालथ्या बाटल्या

झाकणाच्या आत ओला पट्टा तर नाही ना... अर्पिताने पाचवी बोटभर बाटली खिडकीच्या उजेडात धरली. काहीच दिसलं नाही. पाचही बाटल्यांत जेल दह्यासारखं घट्ट बसलेलं, आणि पाचही सरळ उभ्या.

सकाळी कॉलेजात शिकवायला निघताना तिने त्या घरातच, खिडकीच्या उन्हात पालथ्या ठेवल्या होत्या. जेल झाकणावर घसरलं नाही तर टिकलं, एवढीच परीक्षा. थंडगार प्रयोगशाळेत ते टिकतंच. पण जखमेवरचं औषध ज्यात भरायचं तेच भोकरदनच्या एप्रिलात पाघळणार असेल, तर चार वर्षांच्या पीएच.डी.चं करायचं काय?

"समद्या उलथ्या पडल्त्या," द्वारकाबाई, तिच्या सासूबाई, म्हणाल्या होत्या. "मी पुसून बराबर उभ्या केल्या."

"आतलं खाली आलं होतं का?"

"ते न्हाई बघितलं बाई."

"मग हात कशाला लावता, आई?" ती ओरडलीच. सासूबाई गुमान आत गेल्या.

आता कळणार कसं? या रेणूंचा स्वभावच तसा — घट्ट बांधलेले नाहीत, नुसते एकमेकांचे हात धरून उभे. कुणी न सांगता आपसूक जाळं विणतात आणि त्यात पाणी अडकवतात. ऊन तापलं किंवा धक्का लागला की हात सुटतात, निवांत सोडलं की पुन्हा धरतात, आणि सुटले होते याचा मागमूसही ठेवत नाहीत. सेमिनारमध्ये हे मीच किती तोऱ्यात सांगितलं होतं...

फोन वाजला. ज्योत्स्ना मॅडमचा, तिच्या गाइडचा, मेसेज: टिकलं का?

'घरात हात लागला, निकाल गेला,' तिने लिहिलं, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं एकदम हलकं वाटलं. हलकं? प्रयोग वाया गेल्यावर? — पण मग बारालाच सुटूनही आपण स्टँडजवळ रसवंतीत तासभर का बसलो, तहान नसताना दुसरा ग्लास का मागवला... घरी येऊन बघायचंच नव्हतं. उद्या पुन्हा ठेवता येतील, ऊन कुठे पळून जात नाही. तरी 'उद्या करते' हे दोन शब्द बोटांतून उतरेनात.

ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. द्वारकाबाई शेंगा सोलत होत्या; त्यांनी वर पाहिलं नाही.

"लई नुकसान झालं का गं माझ्यामुळं?"

नाही म्हणायला हवं होतं. पण ही चूक त्यांचीच राहावी असं आपल्याला किती मनापासून वाटतंय, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि लाजेने तिचा चेहरा तापला.