शाल, पगडी आणि शनिवारचा सराव

"नाही घालणार म्हणजे नाही घालणार!" डॉक्टर शशिधरांनी टीमचा किरमिजी मफलर खुर्चीवर आपटला. "त्या गाढवाला शाल? कशाबद्दल? टीमचं वाटोळं केलं म्हणून?"

"अहो, हळू! संक्रांतीचा कार्यक्रम आहे, आज तरी गोड बोला," ताटात पुणेरी पगडी नीट ठेवत सुलक्षणाबाई म्हणाल्या. मँचेस्टरच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा त्याच. "आपला गंधार, एक मराठी मुलगा, इथल्या युनिव्हर्सिटीत फुटबॉलचा कोच झालाय. कौतुक नको करायला?"

कौतुक! शशिधर शिकायला मँचेस्टरला आले आणि पुढे याच टीमचे कॅप्टन झाले. तेव्हा बाकीच्या युनिव्हर्सिट्या नुसतं नाव ऐकून टरकायच्या. शनिवारचा सराव म्हणजे सराव, मग बर्फ पडो नाहीतर काही होवो. लग्नानंतरचं पहिलं लक्ष्मीपूजन नेमकं शनिवारी आलं, तर हे महाशय मैदानावर आणि नवी नवरी एका खोलीच्या घरात समईपुढे एकटी. वर रात्री अख्ख्या टीमचे चिखलाने बरबटलेले शर्ट घेऊन घरी हजर. बाईंनी ते बाथटबमध्ये धुतले, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत.

निवृत्त झाल्यावरही ते दर बुधवारी ट्रॅम पकडून सामना बघायला जात. आणि बघत काय? तर आपला एक गोल झाला की गंधार अख्खी टीम आपल्याच गोलपुढे उभी करतोय, आणि स्वतः लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसलाय. आल्यापासून त्यानं टीम पार तळाच्या डिव्हिजनला नेऊन ठेवली होती. येत्या बुधवारी हरले, की युनिव्हर्सिटी टीमच बंद करणार होती. शशिधरांना अन्न गोड लागत नव्हतं.

त्यात सेक्रेटरी रेखा आनंदानं सांगत आली, "काका, तुम्ही शाल घालतानाचा फोटो युनिव्हर्सिटीला पाठवायचाय. सोमवारी गंधारच्या नोकरीचं ठरतंय ना! जुन्या कॅप्टनचाच पाठिंबा म्हटल्यावर त्याला कोण हलवतंय?"

म्हणजे ही सगळी भानगड त्यासाठी! शशिधरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चर्चचा हॉल गच्च भरला होता, बायकोनं महिनाभर राबून कार्यक्रम उभा केला होता. तिची शोभा होऊ नये म्हणून दात-ओठ खात ते स्टेजवर चढले.

सुलक्षणाबाईंनी गंधारच्या डोक्यावर पगडी ठेवली. टाळ्या पडल्या. रेखानं फोन रोखला. गंधारनं मान झुकवली. शशिधरांनी शाल उलगडली आणि एकाएकी त्यांचे हात थबकले.

"आज शनिवार," ते म्हणाले. "पोरं कुठायत?"

"काका, आज सुट्टी दिली," गंधार हसून म्हणाला. "सत्कार होता ना माझा!"

"बुधवारी टीम जगणार की मरणार ते ठरणार, आणि तू सराव रद्द करून शाल घ्यायला आलास?" माईक चालू होता. "लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"काका, एका सरावानं काय फरक पडतो?"

आता बाई मधे पडणार, हे शशिधरांना ठाऊक होतं. सगळ्यांदेखत ऐकून घ्यायची त्यांनी तयारीही केली.

सुलक्षणाबाई पुढे आल्या. दोन्ही हातांनी त्यांनी गंधारच्या डोक्यावरची पगडी उचलली आणि ताटात परत ठेवली.

"काकू?"

"माझं पहिलं लक्ष्मीपूजन गेलंय रे त्या सरावापायी," त्या म्हणाल्या. "आणि तू म्हणतोस, काय फरक पडतो! फोन लाव पोरांना. अंधार पडायला अजून वेळ आहे."

गंधारनं खिशातून फोन काढला. बाईंनी नवऱ्याच्या हातातली शाल ओढून घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली.

"चला हो," त्या म्हणाल्या, "मैदानावर गारठा असेल."