चार नंबरचा माणूस

रोज सकाळी कूच करण्याआधी सार्जंट प्रिंगल घोडदळाच्या रांगेसमोर उभा राहायचा आणि मोजणी सुरू व्हायची. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. प्रत्येक स्वाराने आपापला आकडा ओरडायचा, आणि तो आकडा म्हणजे त्याचं त्या दिवसाचं नशीब. चकमक झडली की एक, दोन आणि तीन यांनी घोड्यांवरून उतरून बंदुका घेऊन पुढे जायचं. चार नंबरने चौघांचे घोडे धरून मागे घळीत थांबायचं.

मलाकी डोर्गनची रांगेतली जागा तिसरी होती, पण तो रोज चार व्हायचा. चौथी जागा गॉटलीब राउशची. हा त्याचा शेजारच्या खाटेवरचा सोबती, चाळिशी उलटलेला धिप्पाड जर्मन. पहिल्या दिवशी मलाकीच्या तोंडचं पाणी पळालेलं त्याने पाहिलं आणि गुपचूप आपली घोडी मागे घेऊन त्याला सरकायला वाट दिली.

"हो लेका तू चार," तो पुटपुटला. "मला घोडे आवडत नाहीत. चावतात."

साफ खोटं. ती करडी घोडी त्याच्या खिशात तोंड घालून साखर शोधायची हे अख्ख्या पलटणीला ठाऊक होतं.

आता हा मलाकी काही जन्माचा भित्रा नव्हता बरं का. तीन वर्षांपूर्वी ट्रॉय गावात लोक त्याला रस्त्यात थांबवून हात मिळवायचे. तो बेसबॉलचा पगारी खेळाडू होता, आणि खेळायचा पगार मिळतो ही तेव्हा नवलाई होती. त्याचा बाप लोखंडाच्या भट्टीवर घाम गाळणारा. तो म्हणायचा, "चेंडू झेलायचे पैसे देतात? मग झोपायचेही देतील की, विचारून ये."

मलाकी बॅटवाल्याच्या मागे उभा राहून झेलायचा. हातात मोजे नाहीत, तोंडावर जाळी नाही. बोटं मोडायची आणि वाकडीतिकडी जुळायची. एरवी दहा-बारा हात मागे थांबून एक टप्पा पडलेला चेंडू धरला तरी चालायचं. पण समोरचा गडी धाव चोरायच्या बेतात असला की अगदी बॅटला खेटून उभं राहावं लागायचं. अशाच एका दुपारी चेंडू बॅटला निसटता लागला आणि मलाकीच्या डाव्या डोळ्याखाली बसला. हाड महिन्याभरात सांधलं. पण तेव्हापासून तो जवळ गेला की डोळे आपोआप मिटायला लागले. चेंडू कानाजवळून निघून जायचा आणि हा आंधळ्यासारखा हवेत हात पसरून उभा. लोक आधी हसले, मग शिव्या द्यायला लागले. संघाने काढून टाकलं. मग जिथे कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचं म्हणून त्याने सैन्यात नाव घातलं. शुद्ध वेडेपणा. चेंडूला भिऊन माणूस गोळीच्या तोंडी गेला.

हे सगळं त्याने एकट्या गॉटलीबला सांगितलं होतं. गॉटलीबने पाइप झटकत ऐकून घेतलं.

"डोळे मिटतात," तो म्हणाला. "आणि पाय?"

"पाय चालतात की."

"मग ठीक आहे," गॉटलीब म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

ऑक्टोबरमधला तो दिवस. आपली जमीन सोडायला तयार नसलेल्या, तिथल्या मूळ रहिवासी सू टोळीच्या लोकांच्या मागे पलटण पाच दिवस दौडत होती. त्या लोकांना कशापायी पिटाळायचं हे मलाकीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं. तोही एक भित्रेपणाच. दुपारी टेकाडावरून पहिली गोळी आली. उतरायचा हुकूम सुटला. गॉटलीबने लगाम मलाकीच्या हातात दिला, घोडीच्या मानेवर थाप मारली आणि बाकी दोघांबरोबर गवतातून वाकून पुढे गेला. मलाकीच्या जागी, तीन नंबरचा म्हणून.

घळीत चार घोडे सांभाळत मलाकी उभा होता. वर गोळ्या कडाडत होत्या आणि प्रत्येक आवाजाला त्याचे डोळे मिटत होते. देवा, एवढी वेळ निभावून ने, एवढंच तो घोकत होता. आपण इथे आहोत याचं त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

मग मागे फिरायचा हुकूम आला. माणसं धापा टाकत घळीत उड्या घ्यायला लागली. मलाकीच्या चौकडीतला पहिला आला, दुसरा आला.

"राउश कुठाय?" मलाकीने विचारलं.

"पडलाय," दुसरा खोगिरावर चढत म्हणाला. "मांडीत लागलीय. आता नाही आणता येणार, चल."

मलाकीने घळीच्या काठावरून डोकं काढलं. गॉटलीब उघड्यावर पडला होता. पंधरा-सोळा पावलं. चेंडू फेकणारा आणि बॅटवाला यांच्यात असतं तेवढंच अंतर. इतकं जवळ. तिथे मी असायला हवा होतो, त्याच्या मनात आलं. मोजणीप्रमाणे मीच. त्याने लगाम शेजारच्याच्या हातात कोंबले आणि काठावर चढला.

पहिली गोळी जवळून गेली तसे डोळे घट्ट मिटले. त्याने उघडायचा प्रयत्न केला. छे, उघडेनात. तो तिथेच उभा, हवेत हात पसरून, ट्रॉयच्या मैदानात उभा राहायचा तसाच. आता हसतील, असंही वाटून गेलं त्याला.

"मलाकी." गॉटलीबचा आवाज आला, दुखण्याने चिरकलेला. "मिटले ना? असू देत मिटलेले. वाक आणि चालत ये. सरळ."

मलाकी चालायला लागला.

"डावीकडे दगड आहे. हां, आता सरळ. आणखी चार पावलं. हात खाली कर लेका, मी जमिनीवर आहे, आभाळात नाही."

वाकड्या बोटांना आधी पट्टा लागला, मग खांदा. मलाकीने त्याला ओढलं. गॉटलीब वाट सांगत होता आणि हा डोळे मिटून, दातावर दात दाबून मागे मागे सरकत होता. दोघे गडगडत घळीत कोसळले तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले.

गॉटलीब जखमींच्या गाडीत संध्याकाळपर्यंत जगला. रक्त फार गेलं होतं. मलाकी त्याचा हात धरून बसला होता.

"घोडीला साखर दे," गॉटलीब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रांग लागली. गॉटलीब रोज उभा राहायचा त्या रिकाम्या तिसऱ्या जागी मागच्या फळीतला विल्किन्स आणून उभा केला होता. मूळचा सुतार, घरी दोन मुली. त्याला अदलाबदल वगैरे काही माहीत नव्हतं. उभा होता तिथे तो तीन येत होता, आणि चार मलाकी. मलाकीने त्याच्याकडे पाहिलं. विल्किन्सचे ओठ पांढरे पडले होते.

मलाकीने आपला घोडा मागे घेतला आणि त्याला सरकायला वाट दिली.

"का रे?" विल्किन्स कुजबुजला.

कालच्यापेक्षा आज मलाकी जास्त भ्याला होता, कारण वर काय असतं ते आता त्याला ठाऊक होतं.

"मला घोडे आवडत नाहीत," तो म्हणाला. "चावतात."

मोजणी त्याच्यापर्यंत आली. त्याचे डोळे मिटले.

"तीन," तो म्हणाला.