जिन्यात बसणारी बाई

चष्म्याच्या दुकानात सायंदैनिक येतं ते बातम्यांसाठी नव्हे. नवा चष्मा नाकावर चढवला की गिऱ्हाइकाला काहीतरी वाचून बघावं लागतं, आणि त्या कामाला या पेपरासारखा दुसरा पेपर नाही. पहिल्या पानावरचं शीर्षक रस्त्यापलीकडून दिसावं असं, खालचा मजकूर बेताचा, आणि आतल्या पानांवर मुंगीच्या पायांएवढी अक्षरं. दुकानात डोळे तपासून नंबर काढणाऱ्या बाईला सगळे नंबरताई म्हणत. तिला या पेपराचं गणित पाठ होतं. महापौरबाईंच्या बुटांची बातमी बिनचष्म्याची. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले पाणीखात्याचे साहेब नातवाला पाठीवर घेऊन घोडा झाले, ती साध्या नंबरची. आणि त्याच साहेबांनी नळाच्या कामात किती खाल्लं, ती सगळ्यांत जाड भिंगाची. निवडणूक रविवारी होती, त्यामुळे बूट रोज मोठे होत होते.

त्या दुपारी एक आजोबा वाचायच्या चष्म्यासाठी बसले होते. नंबरताईनं त्यांच्या कानामागची दांडी जरा वाकवली आणि पेपर हातात दिला.

"'दार उघडावंसंच वाटत नाही,'" आजोबा शाळेतल्यासारखे वाचू लागले. "'आतून मुलांचे आवाज येतात आणि मी जिन्यात बसून राहते.' थंडाबाईची जवळच्या व्यक्तीकडे कबुली." थंडाबाई हे महापौरबाईंना पेपरानंच ठेवलेलं नाव. सभेत रडल्या नाहीत, एवढंच त्याचं कारण. "घ्या. पोटच्या पोरांचा कंटाळा, आणि ही शहर सांभाळणार. दिसतंय हो, अगदी स्वच्छ दिसतंय."

नंबरताईच्या हातातला बारीक पाना काचेवर टक्कन पडला. ते वाक्य तिचं होतं. शब्दन् शब्द तिचा. महिन्याभरापूर्वी वाळलेले कपडे काढता काढता ती ते आपल्या नवऱ्याला बोलली होती, आणि जगात दुसऱ्या कुणाला नाही.

आता नवरा कोण, तर याच पेपरात 'आतली गोष्ट' नावाचं सदर लिहिणारा. चांगला माणूस, हसरा, घरात भाजी चिरणारा. त्या सदरात मागे आलं होतं की महापौरबाई बिस्किटं कपडे धुण्याच्या पावडरीमागे लपवतात. नंबरताईही तिथंच लपवायची. मग आलं की रेडिओ चालू असल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. तेव्हा नंबरताईला गंमत वाटली होती. बाई आपल्याच वळणाची आहे म्हणून तिनं मतसुद्धा ठरवून टाकलं होतं. आज ती सगळी बिस्किटं घशात अडकली.

एक वाक्य आणि दोन बायका, हे कसं? एक तर त्या बाईनं ह्याला सांगितलं, नाहीतर ह्यानं तिला. कुठूनही बघा, 'जवळची व्यक्ती' घरातच जेवायला बसत होती. हल्ली मीटिंगा फार असतात, हे तिला आठवलं. नवा शर्ट आठवला. डोक्यात किडा एकदा शिरला की तो काही रिकाम्या हाती बाहेर येत नाही.

ती मागच्या खोलीत गेली. तिथं भिंगं घासायच्या यंत्राशी धाकटी बसायची. धाकटी म्हणजे महापौरबाईंची सख्खी धाकटी बहीण. पण हे नातं ती दुकानात मिरवत नसे. यंत्र बंद होतं आणि धाकटीचे डोळे सुजले होते.

"वाचलंस?" धाकटीनं विचारलं.

"वाचलं."

"ताईनं फोन करून सांगितलं, तू मला विकलंस. शाळा सुटली की तिची पोरं माझ्याकडे येतात. तान्ही होती तेव्हापासून मी सांभाळली. आजपासून पाठवणार नाही म्हणाली. फोनही उचलत नाही."

"पण तुझ्यावरच का?"

धाकटीनं दाराकडे बघितलं. "कारण ती खरंच असं बोलली होती. मला एकटीला. जिन्यात नाही गं, तिच्या घराला जिनाच नाही. गाडीत. गाडी दारात लावते आणि आतच बसून राहते. पेपरवाल्यांनी गाडीचा जिना केला." मग ती थांबली आणि तिनं नंबरताईकडे निराळंच बघितलं. "मी तुला हे कधी बोलले नव्हते ना? तुझा नवरा त्या पेपरात आहे."

"नाही बोललीस."

"नक्की?"

नक्कीच होतं. तरी नंबरताईच्या मनात उलटंच चाललं होतं. नवरा तिला न्यायला दुकानात यायचा तेव्हा धाकटीशी दोन शब्द जास्तच बोलायचा. म्हणजे दोघी समोरासमोर उभ्या, एकमेकींवर नजर ठेवून. पाच मिनिटांपूर्वी याच दोघी एका डब्यात जेवणाऱ्या मैत्रिणी होत्या.

संध्याकाळी नवरा ओट्याशी बटाटे सोलत होता. पलीकडच्या खोलीत पोरांची जुंपली होती. नंबरताईनं पेपर ओट्यावर ठेवला.

"ही जवळची व्यक्ती कोण?"

"सूत्रं सांगत नसतात," तो हसत म्हणाला.

"किती दिवस चाललंय?"

त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा तो एवढा हसला की हातातला बटाटा निसटला. "अगं वेडे, त्या बाईंनी मला आजवर नमस्कारसुद्धा केलेला नाही. त्यांच्या घरातून कुणी अवाक्षर काढत नाही. आणि संपादकाला दर दोन दिवसांनी आतली गोष्ट हवी म्हणजे हवीच. मग मी विचार करतो, बाई घरात काय करत असेल? मला बाई म्हणजे तूच माहीत. बिस्किटं तुझी, रेडिओ तुझा."

"आणि जिना."

"लोकांना फार आवडला जिना."

बाहेरची कुणी नव्हती. नंबरताईच्या जिवात जीव यायला हवा होता. आलाही, पण घोटभर पाणी पिण्यापुरता. मग तिला वाटलं, बाहेरची असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

"मी ते तुला सांगितलं होतं," ती म्हणाली. "शहराला नाही."

"तुझं नाव आहे का कुठं? कुणाला कळलंय?"

"मला कळलंय. आज एक म्हातारा माझ्या तोंडावर म्हणाला, ही कसली आई. मी त्याचा चष्मा नीट करत होते."

त्यानं निसटलेला बटाटा उचलला. तिनं विचारलं, "तूही कोपऱ्यावर सिगारेट संपवून मगच वर येतोस. पोरांचा दंगा ओसरायची वाट बघत. मग ते पाणीवाल्या साहेबांच्या नावावर का नाही छापलंस?"

"त्यात बातमी काय?" तो म्हणाला. आणि खरंच, त्याला प्रामाणिकपणे कळत नव्हतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

तिनं धाकटीचं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. वाईट वाटलं त्याला, वाटणारच, राक्षस नव्हता तो. पण मनानंच रचून लिहिलं हे बाहेर फुटलं तर नोकरी जाईल आणि पुन्हा कुठल्याही पेपरात कुणी दारात उभं करणार नाही, हेही त्यानं सांगितलं. "पुन्हा नाही लिहिणार तुझं. शप्पथ. पण तू कुठं बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी धाकटी जेवायला बाहेर गेली आणि महापौरबाई दुकानात आल्या. गाडी लांब उभी करून, एकट्याच. "ती नाही ना आत?" हा पहिला प्रश्न. सभेत कागद वाचताना अक्षरं पळतात, नंबर बघून द्या, चष्मा कुठं करायचा ते मी बघेन, असं म्हणाल्या. आजवर त्यांचा प्रत्येक चष्मा धाकटीच्याच हातचा होता, आणि जुने नंबर याच दुकानात होते.

नंबरताईनं त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली आणि समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला. काचा बदलता बदलता ती मनात हिशेब करत होती. बोललं तर घराची चूल डळमळणार, न बोललं तर दुसऱ्याचं घर मोडलेलं. त्यात मोडणारं वाक्य आपलं.

"ते जिन्याचं वाक्य," ती म्हणाली, "धाकटीनं कुणाला सांगितलेलं नाही. ते माझं आहे. माझा नवरा ते सदर लिहितो."

"तिनं शिकवून ठेवलंय तुम्हाला?"

"नाही."

"मैत्रिणी आहात. मैत्रिणीसाठी माणूस बोलतं. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी गप्प बसलेय, नाहीतर..." बाईंचा आवाज सभेतल्यासारखाच कोरडा होता. "गाडीचा तिनं मुद्दाम जिना करून सांगितला असणार. आपल्यावर येऊ नये म्हणून."

संशयाचं हे असं असतं. खरं समोर ठेवलं तर तो म्हणतो, बघा, किती व्यवस्थित ठेवलंय.

"जिना, कारण आमच्याकडे गाडी नाही," नंबरताई म्हणाली. "आमच्या जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, तिथं बसते मी. चावी हातात असते. इतका वेळ असते की गरम होते. मग आत गेले की छोटा पळत येऊन पायाला मिठी मारतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. हे मी नवऱ्याला सांगितलं होतं, पण त्यानं छापलं नाही. बहुतेक त्यात बातमी नव्हती."

महापौरबाईंनी ती जड फ्रेम स्वतःच काढली आणि डोळे पुसले. थंडाबाई म्हणे.

"गरम होते," त्या हळूच म्हणाल्या. "चावी. खरंय." आणि थोड्या वेळानं: "हे मी आज संध्याकाळच्या सभेत सांगू शकते. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"आणि उद्या तुमच्या जिन्यात फोटो काढणारे येतील. तुमचे बूट कसले आहेत ते बघायला." त्या उठल्या. "नको. तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. धाकटी कधी येते जेवून?"

त्या थांबल्या. धाकटीनं दार उघडलं तेव्हा नंबरताई मुद्दाम पुढच्या काउंटरवर फ्रेमी पुसत बसली. मागून आधी भांडणाचा आवाज आला, मग रडण्याचा, मग कुणीतरी नाक शिंकरलं. संध्याकाळी पोरं मावशीकडे आली, दप्तरं फेकून.

नंबरताई मात्र त्या संध्याकाळी वळणावर आली आणि बसली. आतून दोन्ही पोरांचे आवाज येत होते. एवढ्यात दार उघडून नवरा कचरा टाकायला बाहेर आला. तिला बघून तो शेजारी टेकला आणि त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"दमलीस? काय होतंय, सांग ना."

हाच प्रश्न तिला इतकी वर्षं आवडत आला होता. याच प्रश्नापायी तिनं त्याच्याशी लग्न केलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. सांगायला पुष्कळ होतं. पण तिनं बूट काढला आणि उलटा करून झटकला.

"काही नाही. बुटात खडा गेला होता. रस्त्यातच बूट काढून फेकून द्यावा आणि अनवाणी चालत सुटावं, असं वाटलं."

खडा नव्हताच. ते तिला माहीत होतं, जिन्याला माहीत होतं.

मतदानाच्या आदल्या दुपारी एक आजी चष्मा न्यायला आल्या. नंबरताईनं दांडी नीट केली आणि न बघताच पेपर त्यांच्या हातात दिला. धाकटी मागून पाणी प्यायला आली होती, आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली होती.

"'रस्त्यातच बूट काढून फेकावा आणि अनवाणी चालत सुटावं,'" आजी वाचू लागल्या. "मतदानाआधीच थंडाबाईंना पळ काढायचाय? जवळच्या व्यक्तीची माहिती."

शप्पथ दोन दिवस टिकली होती. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. छातीत काहीतरी बंद झालं आणि ते पुन्हा उघडायचं नाही, एवढंच कळलं.

"दिसतं का आजी?"

"हे दिसतंच होतं गं. चष्म्याशिवायही दिसत होतं."

"मग त्यानं चष्मा कळणार नाही," नंबरताई म्हणाली. तिनं पेपर घेतला, आतलं पान उघडलं आणि कोपऱ्यातल्या मुंगीच्या पायांवर बोट ठेवलं. नळाचं काम, पाणीखात्याचे साहेब, त्यांच्या मेव्हण्याची कंपनी. "हे वाचा. सावकाश वाचा, आणि जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं."