पाकिटातलं नाव

टेलरकाकांना वाचता येत नाही, हे जगात फक्त बाईंना ठाऊक होतं, आणि बाई चार महिन्यांपूर्वी गेल्या. गुपित आता आपल्याबरोबरच जाणार, अशा निश्चिंतीत काका होते. तेवढ्यात बाईंच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती काढली.

बाई म्हणजे काकांची बायको, दुकानासमोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. काका शर्ट-पँट शिवायचे. आकडे त्यांना चोख यायचे, अक्षरांशी मात्र उभा दावा. मापांच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी कुणाची मिशी, तर कुणाचं टक्कल काढलेलं असे. लग्नानंतर बाईंनी एकदा पाटी पुढे केली, तर काकांनी ती भिंतीवर फोडली. बाईंनी निमूटपणे तुकडे झाडून काढले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. रोज सकाळी चहाबरोबर त्या पेपर मोठ्याने वाचायच्या. यांचे डोळे दुखतात, असं शेजाऱ्यांना सांगायच्या.

शिष्यवृत्ती समितीची चिटणीस बाईंचीच विद्यार्थिनी, आता हृदयाची डॉक्टर. बंद पाकीट व्यासपीठावर फोडून पहिल्या मानकऱ्याचं नाव काकांनीच वाचायचं, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. काकांनी नाव आधी सांग म्हणून गळ घातली. चार वेळा ऐकलं असतं तर सहज पाठ झालं असतं. पण गंमत जाईल म्हणून ती काही बधली नाही. मग काकांनी आपला हुकमी उपाय योजला आणि चष्मा मुद्दाम घरी ठेवला.

सभागृह तुडुंब भरलं होतं. पुढच्या रांगेत एक न्यायाधीश, तिच्या शेजारी क्रेन चालवणारा, मागे नर्स, वैमानिक, सुतार, आणि सगळे एकजात बाईंचे. काका एकेक चेहरा न्याहाळत होते. घरात रोज किल्ल्या हरवणारी ही बाई, तिने हे सगळं केलं कधी?

पाकीट हातात आलं. चष्मा घरी राहिला, असं काका पुटपुटले. डॉक्टरने झटकन आपला काढून त्यांच्या नाकावर चढवला. अक्षरं मोठी, काळी, अगदी स्वच्छ दिसू लागली, पण बोलायला तयार होईनात.

गळा दाटून आला म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण तेवढ्यात समोर बाईंचा फोटो दिसला, आणि बाईंच्या देखत काका आयुष्यात खोटं बोलले नव्हते.

"मला वाचता येत नाही," ते म्हणाले. "कधीच येत नव्हतं. तिला ठाऊक होतं."

माइक चालू होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "आठवीपर्यंत मला धड वाचता येत नव्हतं, काका. बाईंनी शाळा सुटल्यावर बसवून घेतलं. म्हणाल्या, रडतेस काय? मी पाहिलेल्यांत सगळ्यात हुशार माणसाला वाचता येत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, चल, सुरू कर. तो माणूस कोण, ते मात्र आम्ही कितीही विचारलं तरी सांगितलं नाही."

क्रेनवाला उभा राहिला. मलाही हेच म्हणाल्या होत्या, एवढंच त्याने सांगितलं. न्यायाधीश उठली. मग मागचा सुतार, खिडकीजवळची नर्स. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसत्या खुर्च्या सरकत होत्या. बघता बघता अर्धं सभागृह काकांसमोर उभं होतं, वर्गात मोठं कुणी आल्यावर उभं राहावं तसं.

एवढी माणसं आपला हात धरून चालत इथवर आली, आणि आपल्याला पत्ताच नाही. काकांना बाईंचा राग आला, हसू आलं, आणि मग डोळे भरून आले.

"किती जणांना सांगितलं तिने?"

"जो अडला त्याला," डॉक्टर म्हणाली, आणि कागद घ्यायला तिने हात पुढे केला.

काकांनी कागद दिला नाही. डोळे पुसून त्यांनी तो चष्म्यासमोर नीट धरला.

"पहिलं अक्षर कोणतं," ते म्हणाले, "तेवढं सांग."