एकशेवीस नावांचं मशीन

योगिनीला कुणाला नाही म्हणता येत नसे. म्हणून नाही म्हणायचं काम तिने लॅपटॉपवर सोपवलं होतं.

हा लॅपटॉप तिच्या नवऱ्याच्या पुण्यातल्या मावसभावाने वापरून वापरून टाकून दिलेला. झाकण उघडताना तो म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखा कुरकुरायचा. चार ओळी लिहिल्या की पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं आणि चहा होऊन पिऊन होईपर्यंत हलायचं नाही. बॅटरी तर कधीच मेली होती. लाईट गेली की त्याच क्षणी तोही जायचा. पण त्यावर मराठी टाइप होत असे. नवरा भवानीनगरच्या कारखान्यात कामाला आणि योगिनी कॉलनीतल्या घरात बसून लग्नपत्रिका जुळवायची, फ्लॉपीत भरायची, फ्लॉपी बारामतीच्या छापखान्यात धाडायची. पंचक्रोशीत तिचं बरं नाव झालं होतं.

आता आपल्याकडची लग्नपत्रिका म्हणजे काय, हे सांगायला नको. नवरानवरी बिचारी मध्ये कुठेतरी चौकटीत. बाकी सगळा कागद निमंत्रकांचा. चुलते, मामा, आत्याचे यजमान, सोसायटीचे संचालक, माजी सरपंच, आणि माजी सरपंचांना पाडून आलेले आजी सरपंच. एखाद्याचं नाव राहिलं तर तो लग्नाला येतो, पण जेवत नाही. आणि आपण जेवलो नाही हे पुढची दहा वर्षं सांगत राहतो. त्यामुळे यादी घेऊन आलेला माणूस यादी देऊन जात नसे. खुर्ची ओढून बसत असे. त्याला रोज नवी नावं आठवत. अक्षर लहान करत करत शेवटी मुंगीएवढं होई, आणि पहिलं नाव कुणाचं यावरून योगिनीच्या पुढ्यात सख्खे भाऊ एकमेकांचे बाप काढत.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका पत्रिकेच्या वेळी एकशेविसाव्या नावाला लाईट गेली आणि सगळं उडालं. गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "वहिनी, यापेक्षा जास्त घेत न्हाय वाटतं मशीन?"

योगिनीने नुसती मान हलवली. तेवढंच तिचं पाप. पण त्या दिवसापासून सगळीकडे झालं, की योगिनीचं मशीन एकशेवीस नावं घेतं. एकशेएकविसावं घातलं की फुटतं. लोक हळहळले आणि घरूनच नावं खोडून आणू लागले. योगिनीच्या घरी चहापत्ती महिनाभर पुरू लागली.

मात्र हे उघडं पडलं असतं, तर दोन वर्षांत खोडली गेलेली दीड-दोनशे माणसं तिच्या दारात उभी राहिली असती. शिवाय त्यांचे जावई. ही भीती तिच्या पोटात कायमची वस्तीला होती.

आणि नव्व्याण्णव सालच्या फाल्गुनात वरकुट्याचे आबाजी शिंगाडे आले. डोक्याला लाल पटका, हातात काठी. उभी हयात मेंढरांमागे काढलेली. आता पोरांनी ऊस लावला होता, तरी आबाजींची नजर मेंढक्याचीच. कळप वाडग्यात शिरताना ते विसाविसाने मोजत, आणि हजारात एक कोकरू कमी असलं तर त्यांना जेवण जात नसे.

"नात राजेश्वरीचं लगीन हाय," ते म्हणाले. "यादी नऊ विसाची हाय."

"आबा, एकशेऐंशी? मशीन एकशेवीसच घेतं."

"म्हाईत हाय. म्हून तर आलो. वाडगं लहान पडलं तर आमी कुड वाढवतो, मेंढरं कापत न्हाय. मशीनची जागा वाढवू. खर्च माझा. चल बारामतीला."

नाही म्हणायचं ते लॅपटॉपने, आणि लॅपटॉपलाच तर न्यायचं होतं. योगिनीने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं. एसटीत आबाजींनी तो आजारी कोकरासारखा मांडीवर धरला होता.

शंभूराजचं कॉम्प्युटरचं दुकान भिगवण रस्त्याला जिन्यावर होतं. तो योगिनीच्या नवऱ्याचा वर्गमित्र. पुण्यात शिकून आलेला आणि ते विसरू न देणारा. त्याने लॅपटॉप चालू केला आणि कपाळाला हात लावला.

"चार एमबी मेमरी! वहिनी, यावर तुम्ही काम करता? याच्यापेक्षा माझा कॅल्क्युलेटर हुशार आहे."

"काय काय बदलता येईल?" योगिनीने चाचरत विचारलं.

"चार गोष्टी. एक, मेमरी, वीसपर्यंत जाईल. दोन, हार्ड डिस्क मोठी. तीन, बॅटरी, मिळणं अवघड, पण मुंबईहून मागवतो. चार, विंडोज. तुमचं फारच जुनं आहे. नाइंटीफाइव्ह टाकू, नाहीतर सरळ नाइंटीएट."

"अठ्ठ्याण्णवात पंच्याण्णवापेक्षा तीन नावं जास्त मावत्यात का?" आबाजींनी विचारलं.

शंभूराज हसायला लागला. योगिनी घाईघाईने म्हणाली, "आबा, ते सालाचे आकडे आहेत. शंभूराज, माझे मराठी फॉन्ट कशावर चालतील ते सांगा."

"नाइंटीफाइव्हवर मी चालवून देतो. खरं सांगायचं तर नाइंटीएट या म्हाताऱ्याला झेपणारही नाही. धाप लागून बसेल. बॅटरी मात्र घ्याच."

"बॅटरी नको."

"अहो, दिवसातून दोनदा लाईट जाते तुमच्याकडे!"

"जाऊ दे." लाईट गेली की खुर्च्या ओढून बसलेली माणसं उठून घरी जातात, हे त्याला कसं सांगणार? "आणि डिस्कही नको. नुसती मेमरी घाला. लिहिलेलं साठवायला फार वेळ लागतो."

"थांब पोरी," आबाजी काठी पुढे घेत म्हणाले. "माणसं ठिवायची जागा कुठली? मेमरी का डिस्क?"

"डिस्क, आबा," शंभूराज म्हणाला.

"मग तीच नको म्हणतीस व्हय? सायेब, मोठी डिस्क घातली तर किती नावं मावतील?"

योगिनीने टेबलाखालून शंभूराजच्या पायावर पाय दिला. शंभूराजने पाय आवरून घेतला आणि म्हणाला, "आबा, मोठी कशाला? आत्ता जी आहे ना, त्यात अख्ख्या इंदापूर तालुक्याची मतदारयादी मावेल."

आबाजींनी काठी टेबलाला टेकवली.

"तालुक्याची?"

"वर बारामती तालुका पण घाला."

योगिनीला वाटलं, जिन्यावरून सरळ खाली जावं आणि मिळेल त्या एसटीत बसावं. आबाजींनी पिशवी काढली, तंबाखू चोळली, चुना लावला, दाढेखाली धरली. एवढा वेळ त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मग शंभूराजला म्हणाले, "सायेब, जरा च्या सांगा." तो चहा सांगायला जिन्यात गेला तसे ते तिच्याकडे वळले.

"दादासोच्या पोराची पत्रिका तूच केलती न्हवं?"

दादासो म्हणजे आबाजींचा पुतण्या. योगिनीने मान खाली घातली. तो तीन दिवस तिच्या घरातून हलला नव्हता, म्हणून तिने हार मानली होती. एकूण किती नावं झाली, हे त्याने कधी मोजलं नव्हतं.

"सहा विसा आन् अकरा नावं हायती तिच्यात. पत्रिका आली की मी पयली मोजतो, मग वाचतो. तवाच म्हनलं, एकशेइसाला फुटणारं मशीन अकरा जास्तीची गिळून बी ठणठणीत कसं? वाटलं, वाईच ताण सोसत आसंल."

"आबा, चुकलं माझं. मला नाही म्हणता येत नाही हो कुणाला."

"मग मला तरी कुठं येतंय?" आबाजी आवाज खाली आणून म्हणाले. "माझ्या नऊ विसात तीन विसा माणसं आशी हायती, की समुरून आली तर मी उसात शिरतो. पर यादीत घाल म्हनली की घालतो. काय करू? मला वाटलं, मशीन वाढवू, घालू समदी, आन् मिटवू. हितं आल्यावर कळलं की मिटवायचं औशीद तुझ्याजवळ आधीच हाय, आन् मी ते खर्च करून बिघडवायला निघालोय."

योगिनीला हसू आवरेना.

"तू गप राहा. सांगायचं ते मी सांगतो. धनगर खोटं बोलतो आसं कुणी म्हनायचं न्हाय."

शंभूराज चहा घेऊन आला तेव्हा दोघांचं ठरलं होतं. मेमरी वीस, विंडोज पंच्याण्णव. डिस्क आहे तीच, बॅटरी मेलेलीच. लॅपटॉपला सीडी घालायची खाच नव्हती, तेव्हा तो एकेक करत फ्लॉप्या घालत बसला आणि आबाजी त्या मोजत बसले.

"असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही," शंभूराज पुटपुटला. "सगळे जागा वाढवायला येतात."

रविवारी सकाळी वरकुट्याला आबाजींच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये भावकी जमली. आतून वायर ओढून लॅपटॉप टेबलावर मांडला होता. पंचवीस-तीस पुरुष, आणि प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी. योगिनीने आबाजींच्या संमतीने निवडलेली एकशेवीस नावं आदल्या दिवशीच टाइप केली होती. पहिलं नाव आबाजींचं.

आबाजी खाकरले. "बारामतीस्नं मशीनला नवी मेमरी बसवून आणलीया. पर ही मेमरी पळायची हाय, बसायची न्हाय. काम झटक्यात हुईल. नावं एकशेवीसच."

"आसं कसं, आबा?" दादासो उठला. "नवा माल घातला आन् जागा तेवढीच?"

"आरं, जीपला नवं इंजिन टाकलं म्हून तू टपावर चार माणसं जास्त बसवशील का?"

"बसवतो की! इंदापूरच्या बाजाराला दर आठवड्याला बसवतो!"

सगळी शेड हसली. आबाजींचा दाखला तिथेच मेला. त्यांनी दुसरा शोधायला वर पत्र्याकडे पाहिलं, पण पत्र्यावर काही लिहिलेलं नव्हतं. दादासो सरळ योगिनीसमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमीच सांगा. माझ्या मेव्हण्याचं नाव मावतंय का न्हाय?"

तीस जोडी डोळे तिच्यावर. लॅपटॉप समोर निमूट घुमत होता. त्याच्याने आज नाही म्हणणं होणार नव्हतं.  कुठून सुचलं कोण जाणे, योगिनी म्हणाली, "मावतं की. न मावायला काय झालं? एक काढायचं, एक घालायचं. बोला दादासो, कुणाचं काढू?"

तिने लॅपटॉप फिरवून पडदा त्याच्याकडे केला. दादासोने तोंड उघडलं. यादीत पहिल्यांदा त्याला दिसला सासरा, आणि सासरा मागेच बसला होता. पुढे चुलते गेणबा. ते चष्मा पुसून नीट बघायला लागले होते. त्यापुढे म्हस्कू, ज्याच्या विहिरीवरून दादासोच्या उसाला पाणी येत होतं.

"काढायचं कशाला कुणाचं..." दादासो म्हणाला.

"मग राहू दे?"

"ऱ्हाऊ द्या. मेव्हणा घरचाच हाय."

एकेक चिठ्ठी मुकाट्याने पुन्हा खिशात गेली. कुणी पुढे आलं नाही. आबाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि योगिनीकडे बघून एक डोळा बारीक केला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या पोटातली भीती उठून चालती झाली.

तेवढ्यात आतल्या दारातून चंद्राबाई, आबाजींची बायको, पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय गं पोरी, एक काढलं की एक घालता येतं म्हनलीस न्हवं?"

"हो, आजी."

"मग ह्यांचं काढ आन् माझं घाल."

सगळी शेड तिच्याकडे वळली. वासरांना दूध पाजायचं सोडून गोठ्यातल्या गाईंनीही कान टवकारले असतील.

"येडी का खुळी?" आबाजी म्हणाले. "बायकांची नावं कवा घालत्यात का निमंत्रकात?"

"का? राजेश्वरी माझी न्हाय का कोण? शंभर जणांच्या पत्रिका आल्या घरात, एकीत माझं नाव न्हाय. आन् तुमचं बी येतंयच की, माझ्या मागनं. चंद्राबाई आबाजी शिंगाडे."

योगिनीने विचारलंही नाही. दोन बटणं दाबली, नाव टाइप केलं. मेमरी नवी होती. आबाजी हरकत घेईपर्यंत ते साठवूनही झालं होतं. आबाजी टेबलावर वाकले आणि कुजबुजले, "पोरी, दोन्ही मावत्यात न्हवं?"

"आबा, एकशेवीस म्हणजे एकशेवीस," योगिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुम्हीच आत्ता सांगितलंत. धनगर खोटं कसं बोलेल?"

 तालुक्याची मतदारयादी आबाजींच्या जिभेवर आली होती, ती त्यांनी तंबाखूबरोबर गिळली.

"माझं बी घाल," दारातून आवाज आला. दादासोची बायको नकोशी. आजवर चार लोकांत ती मोठ्याने बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "नकोशी दादासो शिंगाडे. ह्यांचं काढून."

"आगं, माझं का?" दादासो कळवळला.

"मग कुणाचं काढायचं ते तुमी सांगा."

दादासोने पुन्हा एकदा सासऱ्याकडे, गेणबाकडे आणि म्हस्कूकडे पाहिलं, आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसला. मग भावकीतली सरुबाई आली. मग शकुबाई पोळपाट हातात घेऊनच आली. योगिनी टाइप करत राहिली. आतलं घर रिकामं होऊन बायका टेबलाभोवती कडं करून उभ्या राहिल्या. मग उभं राहून कंटाळल्या आणि पुरुषांनी रिकाम्या केलेल्या खुर्च्यांवर बसल्या.

दीडेक विसा नावं बदलून झाली तेव्हा आबाजींचा घसा पार सुकला होता. ते घराच्या दिशेने ओरडले, "आरं, च्या तरी आणा कुणीतरी!"

"निमंत्रक समदे हितं बसल्यात," चंद्राबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ज्यांची नावं निघाली त्यांनी आणावा."

 मग आबाजी काठी टेकत उठले, जाता जाता त्यांनी दादासोच्या पाठीत काठीचं टोक टोचून त्यालाही उठवलं, आणि दोघे आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. शेवटी आतून दादासोने हाक मारली, "काकू, चहापत्ती कुठल्या डब्यात हाय?"

सगळ्या बायकांनी एकदम वेगवेगळे डबे सांगितले.