मोसंबीच्या आळ्यातले खुरपे

मित्रांनो, मी एक जुने खुरपे आहे. जुने म्हटले म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका! वैजापूरच्या बाजारात एका लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यातून मला घडवले. भट्टीत तापले, घणाचे घाव सोसले, तेव्हा कुठे ही धार आली. बाभळीची मूठ बसली आणि मी गोजरबाईंच्या हाती पडले.

शेंद्र्याला त्यांची मोसंबीची बाग होती. तिथे मी जीव तोडून राबले. "गोजरबाईचं खुरपं म्हंजी सोनं," असे बाया म्हणायच्या आणि मी फुगून जायचे. पुढे ती जमीन कारखान्यांसाठी गेली. बिऱ्हाड शहरात, चिकलठाण्याला आले. बागेतले एकच रोप गोजरबाईंनी सोबत आणून अंगणात लावले. मला मात्र जिन्याखाली रंगाच्या डब्यांमागे टाकले. गंज चढला. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

रोपाचे झाड झाले, म्हणून यंदा गोजरबाईंनी त्याला ताण दिला, म्हणजे पाणी तोडले. झाडाला तहान लावायची, थोडी पाने गळू द्यायची, मग पाणी सोडले की बहार फुटतो, अशी आमच्याकडची रीत. संक्रांतीनंतर पाणी सोडायला हवे होते, पण होळी झाली तरी गोजरबाई पाणी देईनात.

"आत्याबाई, शेंडे वाळू लागलेत हो," सून सायली सांगायची.

"उगी राय. सारी जिंदगी मोसंबीतच गेली माझी."

एका रविवारी सकाळी गोजरबाईंनी एक फांदी वाकवली. ती कट्कन मोडली. आत हिरवे काहीच नव्हते. तो तुकडा त्यांनी सायलीसमोर धरला.

"लई ताणलं गं मी. बागंतलं येवढंच झाड ऱ्हायलं व्हतं." मग त्यांनी पदर खोचला. "आज नळ येनार ना? त्याच्या आत आळं तयार पायजे. काढ ते खुरपं!"

आमच्या शहरात नळाचे पाणी रोज येत नाही, आठ-आठ दिवसांनी येते. आजचे चुकले असते, तर झाड गेलेच असते.

सायलीने मला विटेवर घासले आणि आम्ही भिडलो. वीतभर मातीखाली बांधकामाचा राडारोडा निघाला. शेतातली काळी माती खोलवर ओल धरायची, म्हणून तिथे झाडे तग धरत. इथे मुळांना धरायला काहीच नव्हते. सिमेंटच्या ढेकळावर माझे टोक उडाले, तरी मी मागे हटले नाही. सायली राडा उपसून टाकत होती, गोजरबाई वाळके शेंडे छाटत होत्या. शेणखत मिसळले, वर पालापाचोळा पसरला. हात लागलाच होता, तर कडेच्या वाफ्यात गवार आणि भेंडीही लावून झाली. तेवढ्यात नळ आला. घरातली पिंपे नंतर भरली, पहिल्या बादल्या आळ्यात ओतल्या.

पाडवा होऊन दोन आठवडे उलटले, तेव्हा झाड पांढऱ्या फुलांनी भरून गेले. सायली आनंदाने ओरडली. गोजरबाईंनी मात्र एक फांदी जवळ ओढून निरखली.

"पानं थोडी अन् फुलं लई. येवढा भार झाडाला झेपायचा नाय."

आणि जन्मभर बहार धरणाऱ्या त्या बाईने एकेक फूल आपल्या हाताने खुडले. डोळे पुसत खुडले. "औंदा मोसंबी नको. झाड पायजे."

मित्रांनो, झाडाला फळ कधी येणार हे विचारण्याआधी त्याच्या बुडाशी माती किती आहे, ते खणून बघा. खणून झाले की मला पुसून हाताशी ठेवा. पाऊस पडेपर्यंत ते आळे मलाच राखायचे आहे.